घरचे कोंबडीचे कालवण : रुची आणि आरोग्य

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे लोहमार्गावर एकापाठोपाठ एक वसलेली असली, तरी त्यांच्या पाकपरंपरा भिन्न आहेत. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी आश्रय घेतला आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला आयुध निर्माणी व कारखान्यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे आली. बदलापूरच्या परिसरात आगरी, कुणबी व आदिवासी समाजाची जुनी वस्ती आहे.

सिंधी घरांत कोंबडी ‘सेयल’ पद्धतीने केली जाते. भरपूर कांदा, टोमॅटो, आले-लसूण व कोथिंबीर यांत, पाणी अल्प घालून, ती मंद आचेवर झाकून शिजवितात. गावाकडील रश्श्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण असते व सोबत तांदळाची भाकरी. झाकणावर पाणी ठेवायचे आणि तेच तापलेले पाणी रश्श्यात घालायचे, ही गृहिणींची जुनी रीत आहे. त्यामुळे मांस करपत नाही व उकळीही मोडत नाही. लगतच्या रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात ‘पोपटी’ लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा व मसाला लावलेली कोंबडी भरून ते उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे झाकून, वाफेवर, पुरेसा वेळ शिजविणे. गावठी कोंबडी वयाने मोठी व हिंडणारी असल्याने तिचे स्नायू चिवट असतात; त्यांतील तंतू मऊ होण्यास तासभर किंवा अधिक काळ लागतो. ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांचा असल्याने लवकर मऊ होतो. मात्र मांस मऊ झाले म्हणजे ते आतपर्यंत शिजलेच, असे गृहीत धरू नये. मांडीचा जाड तुकडा हाडापर्यंत कापून पाहावा. आत कच्चेपणा नसावा आणि निघणारा रस लालसर नसावा.

कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. वाहत्या नळाखाली मांस धुतल्यास शिंतोडे भांड्यांवर व भाजीपाल्यावर उडतात. म्हणून ते खोल पातेल्यात हलक्या हाताने धुवावे व त्यानंतर हात, सुरी आणि पाट साबणाने स्वच्छ करावेत. त्याच पाटावर न धुता कोशिंबिरीची काकडी चिरणे धोक्याचे आहे. उरलेले कालवण दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे आणि खाण्यापूर्वी पुन्हा चांगले उकळावे.

बर्ड फ्लूच्या साथीत या नियमांचे महत्त्व विशेष जाणवते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच हा रोग आढळला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली येथेही तो आढळला. अशा वेळी अफवांमुळे कोंबडीची मागणी एकाएकी घटते आणि ज्यांच्या पक्ष्यांना रोगाचा स्पर्शही झालेला नसतो, अशा कुक्कुटपालकांचाही संसार अडचणीत येतो. वस्तुतः मांसाचा प्रत्येक भाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यास हा विषाणू नष्ट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. उकळत्या रश्श्याचे तापमान याहून कितीतरी अधिक असते. खरा धोका आजारी पक्षी हाताळण्यात व कापण्यात आहे. मेलेली अथवा आजारी कोंबडी स्वस्तात मिळते म्हणून घेणे, हे कटाक्षाने टाळले पाहिजे.

गावात कोंबड्या अचानक मरू लागल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळविणे, हे पंचायत सदस्यांचे कर्तव्य होय. शिक्षकांनी स्वच्छतेच्या पाठात हात धुण्याबरोबरच पाट व सुरी धुण्याचाही उल्लेख करावा. ग्रामसभेत ही माहिती साथ येण्यापूर्वीच दिली गेली, तर ग्राहकाचे आरोग्य आणि कुक्कुटपालकाची उपजीविका या दोहोंचे रक्षण होईल.