मिलर आउट झाला, पण माझ्या स्क्रीनवर अजून नाही

29 जून 2024 ची रात्र. टी-20 वर्ल्ड कपची फायनल, शेवटची ओव्हर, दक्षिण आफ्रिकेला 6 चेंडूंत 16 धावा हव्यात. माझ्या लॅपटॉपवर हार्दिक पंड्या अजून फील्डिंग लावतोय आणि गावाहून बाबांचा फोन. "अगं, गेला मिलर! सूर्यानं काय पकडलाय!" मग साधारण अर्ध्या मिनिटाने सूर्यकुमारने सीमारेषेवरचा तो कॅच माझ्यासाठी घेतला. आयुष्यातला सगळ्यात भारी कॅच मी शांतपणे, निकाल माहीत असलेल्या परीक्षेसारखा बघितला.

बाबांकडे डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचे पैसे नाहीत. खासगी कंपनीने हक्क घेतले असले तरी राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, असा 2007 चा कायदा आहे, म्हणून भारताचे मोठे सामने त्यांना फुकट दिसतात. (हाच फुकट सिग्नल केबलवाल्यांनी पुढे दाखवायचा नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये सांगितलं.) माझ्याकडे ना केबल ना डिश. हॉस्टेलचं वायफाय आणि एक ॲप.

नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवताना होणारा विलंब हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "तू यावरच शिकतेस ना? मग तुझंच मागे कसं?"

आधी बाबांची बाजू. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटरवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली येणार म्हणजे 72 हजार किलोमीटर. सेकंदाला 3 लाख किलोमीटर या वेगाने हे अंतर पाव सेकंदात संपतं. चित्र दाबून लहान करायला आणि घरी परत उलगडायला काही सेकंद जातात, म्हणजे बाबाही मैदानातल्या प्रेक्षकांच्या थोडे मागेच असतात. पण तेवढंच.

माझ्याकडे येणारा व्हिडिओ मात्र सलग येतच नाही. तो तुकड्यांत येतो. आमच्याकडे वडाप चालतं तसं समजा: जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. इथे जीप म्हणजे 6 सेकंदांचा व्हिडिओ. ॲपलने 2009 मध्ये आणलेल्या एचएलएस या पद्धतीत सुरुवातीला 10 सेकंदांचे तुकडे सुचवले होते, नंतर ते 6 वर आले. मिलरने बॅट फिरवली तो क्षण जीपमध्ये पहिला बसला असेल, तर उरलेल्या सीट भरेपर्यंत त्याने थांबायचं. त्यात माझा प्लेयर तीनेक जीपा दारात आल्याशिवाय चित्र सुरू करत नाही. झाले 18 सेकंद. एकच व्हिडिओ चार-पाच दर्जांमध्ये बनवणं, गावोगावच्या सर्व्हरवर पोचवणं, हे धरलं की अर्धं मिनिट सहज होतं.

मग एवढा साठा कशाला? कारण वायफायचा भरवसा नाही. नळाला पाणी कधी जाईल सांगता येत नाही म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, तेच. टाकी लहान ठेवली की ते गोल फिरणारं चक्र दिसायची शक्यता वाढते.

"पण व्हिडिओ कॉलवर तर तू लगेच बोलतेस," बाबा म्हणाले. प्रश्न अगदी बरोबर होता. कॉलमध्ये वाटेत हरवलेली माहिती सोडून दिली जाते. चेहरा क्षणभर फाटला तरी चालतं. शिवाय तिथे माणसं मोजकी असतात. 2023 च्या वर्ल्ड कप फायनलला एका ॲपवर एका क्षणी 5.9 कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकाला सेकंदाला 2 मेगाबिट धरा: 11.8 कोटी मेगाबिट, दर सेकंदाला! उपग्रहाला एक छत्री वाढली काय आणि लाख वाढल्या काय, सारखंच. इंटरनेटवर प्रत्येकाला स्वतंत्र प्रत द्यावी लागते. तुकड्यांचा फायदा इथे होतो. तयार तुकडा ही एक साधी फाइल असते, ती जवळच्या सर्व्हरवर ठेवून लाखोंना देता येते. म्हणजे हा उशीर निष्काळजीपणाचा नाही. एवढ्या लोकांना स्वस्तात दाखवायचं म्हणून मोजलेली ती किंमत आहे, आणि माझ्या मते त्या दिवशी ती जास्त होती.

उपाय निघालेत. 2019 मध्ये ॲपलनेच कमी विलंबाचं एचएलएस जाहीर केलं: जीप भरायची वाट न बघता एकेक प्रवासी पुढे पाठवायचा. उशीर काही सेकंदांवर येतो. पण मग टाकीही छोटी होते. केव्हा किती साठा ठेवायचा हे प्लेयरने स्वतः कसं ठरवावं, यावर मी सध्या डोकं फोडतेय.

तोवर एक करा: सामना मधेच पॉज केला असेल किंवा चक्र फिरून गेलं असेल, तर 'लाइव्ह' वर बोट ठेवा. बरेच प्लेयर मागे पडले की आपणहून पुढे येत नाहीत. हॉस्टेलमध्ये एकाच विकेटचा ओरडा तीन खोल्यांतून तीन वेळा येतो तो याचमुळे.

बाबांना मी म्हटलं, ओव्हर संपल्यावर फोन करत जा. त्यांनी कबूल केलं. पुढच्या सामन्यात तिसऱ्याच चेंडूला फोन वाजला. "काही झालं नाहीये," बाबा म्हणाले, "तू फक्त बघत राहा."