जुनी डीव्हीडी की नवी ब्लू-रे? ‘अपू त्रयी’ बघून ठरवा!

रिस्टोरेशनने चित्रात नेमका काय फरक पडतो, हे पाहायला सत्यजित राय यांची ‘अपू त्रयी’ उत्तम.

१९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. पुढे क्रायटेरियन ही वितरक कंपनी आणि अकॅडमी फिल्म आर्काइव्ह यांनी रिस्टोरेशनचं काम हाती घेतलं. इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत कडक झालेली फिल्म पुन्हा ओलावा देऊन लवचीक केली, हाताने दुरुस्त केली आणि ४के स्कॅन झाला. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हमधून मिळाला, ‘अपूर संसार’साठी मात्र इतर संग्रहांतल्या प्रतींवरच भिस्त ठेवावी लागली.

घरी जुनी डीव्हीडी आणि या रिस्टोरेशनची ब्लू-रे यांची तुलना करताना हे बघा :
🎞️ ग्रेन : बारीक, जिवंत कण दिसायला हवेत. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले, तर डिजिटल सफाई जास्त झाली समजा.
🌑 सावल्या : काळ्या भागातले तपशील टिकलेत का?
✏️ कडा : आकृतींभोवती पांढरी रेघ म्हणजे कृत्रिम शार्पनेस.

टीव्हीवरचं शार्पनेस आणि मोशन स्मूदिंग आधी कमी करा, मगच निकाल द्या. माझं मत? डीव्हीडी ठेवा आठवणीला, पाहायला ब्लू-रेच!