नायिका घडते ती झाडीपट्टीत

गोंदिया जिल्ह्यातली एखादी मुलगी घरी म्हणाली, "मला मालिकेत काम करायचंय," की घरच्यांच्या डोळ्यांपुढे थेट मुंबई येते. विदर्भ एक्स्प्रेसचा जवळजवळ हजार किलोमीटरचा प्रवास, चित्रनगरी, पेइंग गेस्टचं भाडं, ऑडिशनच्या रांगा. पण अर्जुनी मोरगावहून चांदा फोर्टच्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात वडसा येतं. तिथल्या नाटक कंपन्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत शेकडो कलाकार अभिनयावर पोट भरतात. हे घरच्यांना ठाऊक असतं, पण त्याला कुणी 'करिअर' म्हणत नाही. मला ते म्हणावंसं वाटतं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथलं नाटक धानाच्या हिशेबाने चालतं. कापणी-मळणी झाली, हातात चार पैसे आले, की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागते. कुठे शंकरपट असतो. दिवसा बैल धावायचे आणि रात्री नाटक रंगायचं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा या जोडीतलं एक अंग गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले. त्याआधीचा करोनाचा हंगाम मात्र कलाकारांना फार जड गेला. हंगामाच्या कमाईवर वर्ष काढणाऱ्याचा एक हंगाम बुडणं म्हणजे वर्ष बुडणंच.

नाटकाचं वेड इथे जुनं आहे. आमगावजवळचं पदमपूर हे संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर असल्याचं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. भवभूतीची नाटकंही कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली होती. देवाची जत्रा आणि तिथे जमलेल्या माणसांसाठी नाटक, ही रीत या भूमीला परकी नाही. दंडार, खडीगंमत, राधा या लोककलांमध्ये बाईचं सोंग पुरुषच घेत. पुढे पडद्याचं नाटक आलं, तरी सुरुवातीला तेच चाललं. नंतर स्त्री-भूमिकांसाठी नागपूरहून अभिनेत्री येऊ लागल्या आणि पाठोपाठ याच भागातल्या मुली उभ्या राहिल्या.

नायिकेची एक रात्र पाहा. कंपनीची गाडी संध्याकाळी गावात पोचते. शाळेच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी मेकअप होतो. ज्या घरी जेवण, तिथे आधीच पाहुण्यांची गर्दी असते, कारण नाटकाच्या दिवशी लेकी-जावई, सोयरे सगळे गावात येतात आणि मुली पाहण्याचे कार्यक्रमही तेव्हाच उरकतात. दहाच्या सुमारास पडदा वर जातो, तो खाली येतो पहाटे. समोर घोंगड्या-चादरी पांघरून बसलेलं गाव, पुढ्यात हार्मोनियम-तबला आणि ऑक्टोपॅड. तालमी जेमतेम एक-दोन झालेल्या असतात. म्हणून प्रॉम्प्टर हवाच. तो वाक्य पुरवतो आणि नायिका ते ऐकता ऐकता समोरच्याकडे बघत, चेहरा न हलवता, आपलं करून टाकते. मागून शब्द येतोय हे समोरच्या रांगेलाही कळत नाही. गाणं आलं तर तिथल्या तिथे गायचं. 'वन्स मोअर' आला तर रडण्याचा प्रसंग मोडून पुन्हा गायचं आणि पुन्हा रडायचं. सकाळी गाडीत झोप काढायची, संध्याकाळी दुसरं गाव, कधी दुसरं नाटकसुद्धा. पैसे 'नाईट'प्रमाणे मिळतात.

आता मालिकेचा सेट आठवा. बारा-तेरा तासांची शिफ्ट, बरेचदा त्याच दिवशी हाती आलेला सीन, दोन वाचनं आणि लगेच टेक. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर कथानक वळतं. आयत्या वेळचं वाक्य पचवून खरं वाटेल असं बोलणं ही मालिकेची पहिली गरज आहे, आणि वडशाच्या मुली नेमकं तेच रात्र-रात्र करतात. कॅमेऱ्यापुढे त्यांना हात आवरावे लागतील, आवाज खाली आणावा लागेल. शेवटच्या रांगेसाठी केलेला अभिनय क्लोजअपमध्ये भडक दिसतो, हे खरंच. पण आवर घालायला शिकवता येतं. दम मात्र आधीच असावा लागतो.

छोट्या पडद्याने विदर्भाला जागा दिली नाही असं नाही. २०१६ ते २०२१ या काळात 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली नागपूरची राधिका महाराष्ट्राने घरची मानली. ती साकारली नाशिकच्या अनिता दाते यांनी, आणि फार जीव ओतून. पण तो विदर्भ नागपूरचा. नागपूरच्या पूर्वेची झाडीबोली, धानाच्या रोवणीच्या चिखलातली बाई, तेंदूपत्त्याचा मे महिना हे मालिकांत क्वचितच दिसतं. सिनेमाने ती वाट थोडी दाखवली. झाडीपट्टीत स्वतः काम केलेल्या तृषांत इंगळे यांनी २०२२ साली 'झॉलीवूड' काढला, तो इथल्याच कलाकारांना घेऊन. पुढच्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका एवढी त्यांची कारकीर्द.

त्या उंचीवरचं एखाद्या अभिनेत्रीचं नाव अजून देशापुढे आलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण तिला दुहेरी भार असतो. नायिकेचं नाव ऐकून गाव तिकीट काढतं, आणि त्याच गावात तिच्या लग्नाची बोलणी 'नाटकात असते' एवढ्यावर थांबू शकतात. लग्न झालं तरी सासर रात्रीच्या प्रवासाला तयार हवं. मूल झालं तर ते सांभाळणारं कुणी हवं. पुरुष पन्नाशीतही विनोदी नट म्हणून गाजतो, नायिकेच्या वाट्याला मात्र लवकरच आईच्या भूमिका येतात. होळीनंतर नाईट नाही आणि पगारही नाही. पावसाळ्यात काहीजणी रोवणीला जातात, काहीजणी शिवणकाम करतात.

म्हणून मुंबईच्या कास्टिंगवाल्यांना एकच सांगणं आहे. मुलींकडून मोबाईलवर एका मिनिटाचा व्हिडिओ मागवण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत वडशाला या. कुठल्या गावात कुठलं नाटक ते चौकातले फलकच सांगतील. एका रात्री दोन-तीन गावं गाठता येतात, फक्त मध्यरात्रीनंतरचा अंक चुकवू नका. नायिकेचा खरा कस तेव्हाच लागतो.