फवारणीचे 'औषध' आणि प्रथमोपचार

कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांचे आईवडील हेच औषध पाठीवरच्या पंपाने दुसऱ्याच्या शेतात फवारतात, आणि सुटीत घरी गेलेली मुले ड्रमातले द्रावण काठीने ढवळून देतात. म्हणून आम्ही इतिहासाचे शिक्षक असूनही हा विषय येथे मांडीत आहोत.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांनी विष प्राशन केले नव्हते. श्वासावाटे आणि घामाने भिजलेल्या त्वचेवाटे ते शरीरात शिरले होते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशके शरीरातील एका विकराचे कार्य बंद पाडतात. मज्जातंतूंचा निरोप पोहोचविणारे रसायन त्यामुळे नष्ट न होता साचत जाते. घाम व लाळ सुटते, उलट्या होतात, दृष्टी अंधुक होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. अखेर श्वास कोंडतो. नेमके याच वेळी 'ऊन लागले' असे समजून माणसाला झाडाखाली निजविले जाते आणि मोलाचा वेळ जातो.

रुग्णाला प्रथम शेतातून मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले कपडे तत्काळ उतरवावेत, कारण अंगावर ते असेतोवर विष शरीरात जातच राहते. अंग व केस साबणाने, भरपूर पाण्याने धुवावेत. डोळ्यांवर किमान 15 मिनिटे स्वच्छ पाणी सोडावे. धुणाऱ्याने आपले हात रबरी मोजे वा प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकावेत. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा गावठी उपाय घातक आहे. उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. शुद्ध हरपली असल्यास कुशीवर निजवावे. 108 ला दूरध्वनी करावा आणि औषधाचा डबा वा त्यावरील वेष्टन सोबत न्यावे. ॲट्रोपिनचे इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचे. मात्र कोणते विष, हे त्यांना त्या डब्यावरूनच चटकन कळते. डब्यावरील लाल त्रिकोण अतितीव्र विषाची खूण होय.

रिकामा डबा घरात कशासाठीही वापरू नये. 2013 साली बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजनातून 23 मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. आमच्या कोठीघरात तेलाचा डबा मोहोरबंद असल्याखेरीज स्वीकारला जात नाही, तो यामुळेच.