नागपूर की पुणे? पगाराच्या पलीकडचा हिशेब

नागपुरात इंजिनिअरिंग संपलं की मुलं पुण्याला जातात, यात आता सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. प्रश्न उभा राहतो तो पुढे आठ-दहा वर्षांनी. लग्न झालेलं असतं, लेकराला शाळेत घालायचं असतं, तिकडे नागपूरच्या प्रतापनगरातल्या घरात आईबाबा सत्तरीला टेकलेले असतात आणि फ्लॅट घ्यायचा तर कुठे, यावर रोज रात्री फोनवर बोलणं सुरू होतं. हे बोलणं मी बऱ्याच घरांत ऐकलं आहे. ते बहुतेक वेळा पगार आणि चौरस फुटाचा भाव या दोन आकड्यांशीच अडकतं. दोन्ही आकडे महत्त्वाचे, पण या दोन शहरांतला खरा फरक त्यांच्यात पुरता उतरत नाही. नवराबायको दोघांनाही काम मिळेल का, नळाला पाणी येईल का, उन्हाळा कोण सोसणार आणि रात्री दोन वाजता बाबांना दवाखान्यात कोण नेणार, हे आधी विचारायला हवं असं मला वाटतं.

कामाच्या बाबतीत पुण्याचं पारडं जड आहे, आणि ते एका दिवसात जड झालेलं नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग टेल्को, बजाज आले, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने भोसरी-चाकणपर्यंत पसरले आणि नव्वदच्या दशकाअखेरीस हिंजवडीचं आयटी पार्क आलं. त्यामुळे पुण्यात एक नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी शोधता येते. नागपुरातही बुटीबोरी आहे, मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, विमान दुरुस्तीचं मोठं केंद्र आहे. सॉफ्टवेअरवाल्याला तिथे जागा मिळूही शकते. पण त्याची बायको औषधसंशोधनात असेल किंवा गाड्यांच्या डिझाइनमध्ये, तर तिच्यासाठी पर्याय मोजकेच. एकाची नोकरी जमते, दुसऱ्याची अडते, आणि अडते ती बहुतेक घरांत तिची. ‘आपल्या गावी परत जाऊ’ हे वाक्य कितीही गोड असलं तरी त्याची किंमत कोण मोजणार हे त्याच बैठकीत स्पष्ट व्हायला हवं. घरून काम करायची मुभा कंपनीने दिली असेल तर ती लेखी आहे की साहेबाच्या मर्जीवर, हेही बघून घ्यावं.

नागपूरचं बलस्थान वेगळं आहे, आणि ते त्याच्या नुकसानीतून आलेलं आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारावर हिवाळी अधिवेशन तेवढं पदरी पडलं. पण राजधानीसाठी आखलेले रस्ते राहिले, सिव्हिल लाइन्सची झाडं राहिली, आणि पुण्यासारखा माणसांचा लोंढा आला नाही. म्हणूनच नागपुरात अजूनही माणूस दुपारी घरी जेवायला येऊन परत कामावर जाऊ शकतो. हिंजवडीत नोकरी आणि कात्रजला घर असलेल्याला हे सांगून बघा. तो सकाळी लेकरू झोपेत असताना निघतो आणि परततो तेव्हा ते पुन्हा झोपेला आलेलं असतं. पगाराच्या चिठ्ठीवर हे तास दिसत नाहीत. दोन्ही शहरांत मेट्रो आहे. नागपूरची २०१९ मध्ये सुरू झाली, २०२२ च्या डिसेंबरात तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. पुण्याची २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली. पण मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतचं अंतर कसं कापायचं, हा प्रश्न दोन्हीकडे आहेच.

आता पाणी. हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि सगळ्यात कमी बोलला जातो. ऐकून नवल वाटेल, पण पुण्यापेक्षा नागपुरात पाऊस जास्त पडतो. नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर, पुणे शहरात साधारण सातशे-साडेसातशे. पुणं तहानलेलं राहत नाही ते सह्याद्रीच्या कृपेने. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चार धरणं घाटमाथ्याचा पाऊस धरतात. त्यांची एकत्रित क्षमता २९ टीएमसीच्या आसपास, आणि या पाण्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे. कालवा सल्लागार समितीची बैठक जवळ आली की शहराला किती आणि शेतीला किती, यावर वाद होतो. तो वाद सुटला तरी पाणी सगळ्यांच्या नळाला पोहोचतं असं नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या मागून येत राहिल्या.

शिकलेलं तरुण जोडपं ज्या भागात फ्लॅट बघतं, तो नेमका हाच भाग. अशा सोसायटीत एप्रिल महिन्यात एक सकाळ घालवावी. फाटकाशी टँकर उलटा लागतो, वॉचमन जाड पाइप भूमिगत टाकीत सोडतो, वहीत टँकरचा नंबर आणि वेळ लिहितो. महिनाअखेरीस त्या वहीवरून बिल निघतं आणि मेंटेनन्समध्ये वाढ होते. ग्रुपवर ‘आज दुपारी बारा ते चार पाणी बंद’ असा निरोप येतो. हे पाणी कुठल्या विहिरीतलं, कुणी तपासलं, हे सहसा कुणालाच ठाऊक नसतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गुइलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा संशय पुढे आला, तेव्हा कुठे लोक विचारू लागले. म्हणून बिल्डरच्या ऑफिसात स्विमिंग पूल दाखवतात तेव्हा मागच्या मे महिन्यातलं टँकरचं बिल मागावं. आधीपासून राहणारे लोक ते आनंदाने दाखवतात.

नागपूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. जुन्या वस्त्यांत नळाची ददात फारशी नाही. मात्र रिंग रोडच्या बाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये प्लॉट स्वस्त मिळतो तो उगाच नाही, तिथे कित्येक ठिकाणी बोअरवेलवरच भागवावं लागतं. आणि नागपूर पुरापासून सुरक्षित आहे हा समजही २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे वाहून गेला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली आणि चांगल्या, महागड्या वस्त्यांतल्या लोकांना दिवाणखान्यातून बोटीने बाहेर काढावं लागलं. घर घेताना नाला कुठून जातो हे दोन्ही शहरांत बघायला हवं.

उन्हाळ्याबद्दल मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. नागपूर समुद्रापासून दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर आत, उंची जेमतेम तीनशे मीटर, आणि वायव्येकडून येणारे कोरडे वारे थेट अंगावर. २३ मे २०१३ ला तिथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथेही ऊन चटकतं, पण रात्र बहुधा थंडावते. नागपूरकर यासाठी पिढ्यान् पिढ्या तयार आहेत. मार्चमध्ये कूलर खाली उतरतो, गवताच्या ताट्या बदलतात, पंप तपासला जातो, रोज संध्याकाळी टाकीत पाणी भरायचं काम कुणाच्या तरी वाट्याला येतं. शाळासुद्धा विदर्भात उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. हवा कोरडी असते तोवर कूलर छान गारवा देतो, पण जूनमध्ये आभाळ भरलं की नुसता चिकचिकाट होतो. पुण्यात वाढलेल्या सुनेला आणि नातवंडांना हे एका सुट्टीत जमणार नाही, हे आजी-आजोबांनीही समजून घ्यायला हवं. आणि साठी-सत्तरी उलटलेल्या माणसांसाठी हे ऊन अवघड होत चाललं आहे, हे ती मंडळी कबूल करत नाहीत तरी मुलांनी ओळखायला हवं.

दोन शहरांतलं अंतर हा तर या घरांच्या जिवाभावाचा प्रश्न. दिवाळीत खासगी बसचं तिकीट विमानाशी स्पर्धा करतं. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर पेटली आणि झोपेतले प्रवासी होरपळून गेले. त्यात नोकरीसाठी, शिक्षणासाठी निघालेली तरुण मुलं होती. त्या दिवसानंतर विदर्भातल्या कित्येक आया मुलं पोहोचेपर्यंत झोपत नाहीत. दोन मोठ्या शहरांमध्ये रोज हजारो माणसं ये-जा करत असताना रात्रीच्या सुरक्षित, परवडणाऱ्या आणि पुरेशा रेल्वेगाड्या असणं ही चैन नव्हे, हे मी पुन्हा पुन्हा म्हणत राहीन. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत धावू लागली. ती सुमारे बारा तास घेते आणि दिवसा धावते. वरच्या बर्थवर चढणं न जमणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती सोयीची आहे, पण नोकरदाराची जाताना एक आणि येताना एक अशी सुट्टी तिच्यात जाते.

या सगळ्यातून बऱ्याच घरांनी न ठरवताच एक वाट काढली आहे. आईबाबा होळीनंतर पुण्याला येतात, मृगाचा पाऊस झाला की परततात. थंडीत नातवंडं नागपूरला, संत्र्यांच्या दिवसांत. मला ही वाट चांगली वाटते, पण ती नीट बांधावी लागते. बाबांच्या शुगर-बीपीच्या सगळ्या फायली फोनमध्ये हव्यात, दोन्ही शहरांत ओळखीचा एकेक डॉक्टर हवा, आरोग्य विम्याचं कार्ड दोन्हीकडच्या जवळच्या इस्पितळात चालतं का ते आधी विचारून ठेवायला हवं. नागपूरच्या घराची किल्ली अशा शेजाऱ्याकडे असावी, जो महिन्यातून दोनदा खिडक्या उघडेल आणि पावसाआधी गच्चीची नाली साफ करून घेईल. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आईबाबांसाठी हॉलमधला सोफा न ठेवता दार लावता येईल अशी खोली असावी, आणि खाली उतरल्यावर रस्ता न ओलांडता बसता येईल असा एखादा बाक असावा. तेवढ्यासाठी फ्लॅट थोडा लांब किंवा थोडा जुना घ्यावा लागला, तरी मी तोच घेईन.