फोनच्या काचेतली दाटी

फोन दहा वेळा हातातून निसटतो, काही होत नाही. अकराव्या वेळी साध्या खुर्चीवरून पडतो आणि काचेवर कोळ्याचं जाळं उमटतं. मी बी.ई. कॉम्प्युटरवाला, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फुटक्या फोनचा खुलासा माझ्याकडेच मागितला जातो. सॉफ्टवेअरचा आणि काचेचा काय संबंध, हे कोण ऐकणार! शेवटी स्वतःच वाचायला बसलो आणि विषय भलताच रंगला.

काच म्हणजे मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं वेडंवाकडं जाळं. स्फटिकात अणू शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे असतात. काचेत बेळगावच्या शनिवार खुटावरच्या गर्दीसारखे. नुसती वाळू वितळवायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, म्हणून तिच्यात सोडा घालतात. सोड्यातले सोडियमचे आयन जाळ्याच्या पोकळ्यांत जाऊन बसतात.

आता खरी गंमत. फोनची काच हव्या त्या मापाला कापून झाली की ती सुमारे ४०० अंशांवर वितळलेल्या सोऱ्यात, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये, काही तास बुडवून ठेवतात. या तापमानाला काच वितळत नाही; पण पृष्ठभागाजवळचा सोडियम हळूहळू बाहेर पडतो आणि त्याच्या जागी पोटॅशियम शिरतो. सोडियम आयनची त्रिज्या सुमारे १.०२ अँगस्ट्रॉम, पोटॅशियमची १.३८. बसच्या बाकावरून सडपातळ माणूस उठला आणि तिथे धिप्पाड पाहुणा येऊन बसला, तर बाकीचे कसे चेपले जातात, तसंच. तापमान फार वाढवलं तर जाळंच सैल पडून पाहुण्याला जागा करून देतं, आणि सगळी मेहनत फुकट.

या चेपण्याचा उपयोग काय? काच फुटते ती ताणामुळे: पृष्ठभागावरचा बारीकसा ओरखडा उघडतो आणि चीर पळत सुटते. पृष्ठभागच दाबाखाली असला, की ओरखड्याचं तोंड मिटलेलं राहतं. मात्र दाबाचा हा थर बहुधा केसाच्या जाडीहूनही पातळ असतो, आणि त्याचा तोल सांभाळायला आतली काच ताणलेली असते. ओरखडा थर ओलांडून आत पोहोचला, की मग खुर्चीची उंचीही पुरते.

अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने अशी 'केमकॉर' काच १९६२ मध्येच जाहीर केली होती. तिला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही. २००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा कुठे त्या जुन्या कामाचं चीज झालं. अलीकडच्या काही काचांत आधी लिथियम घालतात. तो सोडियमहूनही लहान, त्यामुळे अदलाबदल अधिक खोलवर होते.

हेच दोन आयन काचेत सगळीकडे मिसळले तर मात्र डोकेदुखी. १९व्या शतकातल्या थर्मामीटरांच्या काचेत सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असले, की एकदा तापवल्यावर त्यांचा शून्य अंश खाली सरकायचा आणि जागेवर यायला फार वेळ घ्यायचा. जर्मनीतल्या येना गावी ओटो शॉट यांनी १८८०च्या दशकात दोन्हींची मिसळ टाळून नवी काच बनवली.

आपल्या फोनचा खरा शत्रू किल्ल्या नव्हेत, वाळू. तिच्यातले गारेचे कण काचेहून कठीण असतात. तेव्हा गोव्याहून परतलात की फोन थेट शर्टाला पुसू नका. आधी कव्हर काढून झटका, वाळू फुंकून टाका, मग ओलसर मऊ फडकं फिरवा.