पोराचं मन आणि वस्तादाचा हात

यंदाचा गळीत हंगाम आटोपला, शेवटच्या खेपेच्या वजनपावत्या फायलीला लागल्या आणि आम्ही चार दिवसांसाठी मुंबईस जाऊन आलो. आमचा पुतण्या कांदिवलीला, चारकोपात राहतो. 1985 च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं चारकोप आणि शेजारच्या गोराईला लहान लहान भूखंड पाडले व बेताच्या मिळकतीच्या लोकांना दिले. मधे चौक, भोवती तीसपस्तीस घरं, आणि त्या सगळ्यांची मिळून एक सहकारी गृहनिर्माण संस्था, अशी तिथली जुनी रचना. सहकार म्हटलं की आमचे पाय थबकतातच. पण त्याविषयी पुढं कधीतरी. आज सांगायचं आहे ते तिथल्या मैदानावर पाहिलेल्या एका गोष्टीबद्दल.

गावाकडची सवय, पहाटेच जाग आली. फिरत फिरत मैदानाकडं गेलो तर वीसएक पोरं क्रिकेट खेळत होती आणि एक सर त्यांना शिकवत होते. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा फलंदाजीला आला आणि पहिल्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. कडेला उभे असलेले त्याचे वडील ओरडले, "अरे, लक्ष कुठंय तुझं? एवढी फी भरतोय मी!" सर शांतपणे त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "काका, तुम्ही जरा चहा घेऊन या." वडील गेले. मुलाला सर काहीच बोलले नाहीत. त्याला पंचाच्या जागी उभं केलं. दहा-पंधरा मिनिटांनी जवळ जाऊन विचारलं, "तुझा चेंडू कुठं पडला होता?"

"ऑफला, सर."

"आणि तू कुठं बघत होतास?"

पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "पप्पांकडे."

सरांनी नुसती मान हलवली आणि त्याला पुन्हा पॅड बांधायला सांगितले. आम्ही कट्ट्यावर बसून ऐकत होतो आणि आम्हाला आमचंच घर आठवत होतं. ते शेवटी सांगू, कारण त्यात आमची चूक आहे.

याच पट्ट्यात, चारकोपला लागून असलेल्या बोरिवलीत, श्री. दिनेश लाड हे क्रिकेटचे शिक्षक होऊन गेले, अजूनही आहेत. सभासदांच्या घरची पोरंटोरं रोहित शर्माचं नाव झोपेतही घेतील, पण त्याच्या सरांचं नाव किती जणांना ठाऊक असेल? 1999 साली रोहित बारा वर्षांचा होता. आईवडील डोंबिवलीला आणि पोर बोरिवलीला आजोबा व काकांकडे, अशी त्या घरची ओढगस्त. एका सामन्यात लाड सरांनी त्याची ऑफस्पिन गोलंदाजी पाहिली आणि त्याला आपल्या स्वामी विवेकानंद शाळेत घालायला सांगितलं. तिथली फी महिना 275 रुपये. घरच्यांना ती झेपेना. सरांनी शाळेच्या चालकांकडं शब्द टाकला आणि फी माफ करून घेतली. पुढं एकदा हाच मुलगा शाळेपाशी बॅटनं चेंडू टोलवताना सरांना दिसला आणि त्यांच्या ध्यानात आलं की, हा तर फलंदाज! तोवर रोहित आठव्या क्रमांकावर खेळत असे. सरांनी त्याला सलामीला पाठवलं आणि त्यानं शतक केलं. उसातसुद्धा कुठलं बेणं कुठल्या रानाला मानवतं हे ओळखणारा माणूस वेगळाच असतो, नुसतं खत टाकणारे पुष्कळ.

लाड सरांचा दुसरा चेला शार्दूल ठाकूर. हा पालघरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. रोज लोकलनं मुंबईला येऊन-जाऊनच पोराचा जीव मेटाकुटीला यायचा. सरांनी त्याला बोरिवलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. परक्या पोराला घरात सांभाळायचं म्हणजे काय असतं, ते आमच्या भगिनींना विचारा. शार्दूलनं शाळेकडून हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले, ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल. आम्हाला त्याची वेगळी गोष्ट मोठी वाटते. 2018 च्या ऑक्टोबरात हैदराबादला तो पहिला कसोटी सामना खेळला. दहा चेंडू टाकले आणि जांघेत दुखापत होऊन बाहेर गेला. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते दहा चेंडूंत संपलं. पुढची कसोटी मिळायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ती जानेवारी 2021 मधली ब्रिस्बेनची. भारताचे सहा गडी बाद झालेले. तेव्हा त्यानं 67 धावा केल्या, वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 ची भागी केली, सामन्यात सात बळी घेतले आणि भारत तो सामना व मालिका जिंकला. मन घट्ट असणं म्हणजे छाती बडवणं नव्हे. दोन वर्षं कुणी विचारत नसताना रोज पहाटे उठून सराव करणं, ह्याला आम्ही मनाची ताकद म्हणतो.

रोहितलाही 2011 च्या विश्वचषकाच्या संघातून वगळलं होतं. 2023 मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली संघ लागोपाठ दहा सामने जिंकून अहमदाबादला अंतिम सामना हरला. सात महिन्यांनी, 29 जून 2024 ला, तोच बार्बाडोसला टी-20 चा विश्वचषक घेऊन उभा होता. लाड सरांना 2022 साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. उशिरा का होईना, मिळाला.

क्रिकेट लांबचं वाटत असेल तर आपल्या उसाच्या मुलखातलं घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये त्यानं रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभलं. त्या सकाळी पोटात गोळा आल्यामुळं तो काही खाऊ शकला नाही, नुसत्या काळ्या चहावर उभा राहिला. काळीज धडधडत होतं, मग श्वास आवरला आणि रोजच्यापेक्षा वेगळं काही केलं नाही, असं त्यानंच नंतर सांगितलं. म्हणजे भीती त्यालाही वाटलीच. पण धडधड सुरू झाली की श्वासाकडं यायचं, हे सरावानं अंगात भिनवलेलं होतं. ते भिनवणाऱ्यांत दीपाली देशपांडे मॅडमचा वाटा मोठा. त्या स्वतः 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला खेळलेल्या. आता मोठ्या संघांना मनाचा वेगळा शिक्षकही असतो. 2011 च्या विश्वचषकात पॅडी अप्टन हे क्रिकेट संघाबरोबर होते आणि 2024 ला पॅरिसमध्ये हॉकी संघाबरोबर. आपल्या तालमीला असा माणूस कुठून परवडणार? तिथं ते काम वस्तादच करतो, आणि बहुतेकदा फुकट. अनेक कारखाने मल्लांना मानधन देतात, खुराकाला मदत करतात, हे चांगलंच आहे. वस्तादाच्या घरची चूल कशी पेटते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. वार्षिक सभेत कुणी हा विषय काढला तर आम्ही हात वर करू.

आता आमचं. नातू तालमीत जात होता. गेल्या पौषात तालुक्याच्या कुस्तीत शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो दोन गुणांनी हरला. आम्ही आखाड्याच्या कडेलाच होतो. कुस्ती चालू असतानाही ओरडत होतो, "उजवा धर, उजवा!" आणि हरल्यावर चार लोकांत म्हणालो, "एवढं दूध-बदाम कुठं घातलंस रं?" पोर काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट दुखलं, तिसऱ्या दिवशी शाळेचा अभ्यास निघाला. शिवरात्रीपर्यंत लंगोट खुंटीलाच होता. आम्ही समजत होतो, पोरगं आळशी निघालं.

चारकोपाहून परतल्यावर पिशवी घरात ठेवली आणि तडक तालमीत गेलो. वस्ताद माती उकरत होते. आम्ही त्या मुलाची गोष्ट सांगितली, पप्पांकडे बघणाऱ्या. वस्ताद ऐकत राहिले, मग फावडं टेकवून म्हणाले, "आबा, त्या दिवशी तुमचं पोरगं डाव बरोबर लावत हुतं. तुम्ही उजवा म्हणालात म्हणून त्यानं डावा सोडला."

यावर काय बोलणार? आम्ही विचारलं, "मग आता पाठवू का त्याला?"

"सोमवारी पाठवा," वस्ताद म्हणाले, "फकस्त तुम्ही येऊ नका."

सोमवारी नातू गेला. आम्ही विहिरीवरच्या मोटारीकडं गेलो.